सॅमनचं पिल्लू कुठे बाळसं धरतं, कुठे खुरटतं: ओढा तपासायची रीत

ओंडक्याच्या सावलीत बोटाएवढं कोहो सॅमनचं पिल्लू उभं आहे. तोंड प्रवाहाकडे, शेपटी जेमतेम हलतेय. हातभर पलीकडून पाण्याची जोरकस धार चाललीय. मध्येच ते त्या धारेत झेपावतं, काहीतरी टिपतं आणि वळून पुन्हा आपल्या जागेवर येतं. कधी तोंडात कीटक असतो, कधी झाडाची वाळकी सुई. सुई असली की लगेच थुंकून टाकतं. झेपेला लागलेली ताकद मात्र दोन्ही वेळा सारखीच खर्ची पडलेली असते.

या फेऱ्यांमधून जी शिल्लक उरते, तीच पिल्लाची वाढ. त्यामुळे एखादा ओढा सॅमनसाठी चांगला की वाईट, हा प्रश्न मी असा विचारतो: इथे जमा किती, खर्च किती, आणि पाण्याचं तापमान हा व्यवहार किती वेगाने चालवतंय? फोटोत झकास दिसणारं नितळ, एकसारखं वाहणारं पाणी या हिशेबात बऱ्याचदा नापास होतं. पडक्या झाडांनी अडलेलं, बीव्हर या बांध घालणाऱ्या प्राण्याने तुंबवलेलं गबाळं डबकं पास होतं. खाली दिलेली रीत साधारण वर्षभराच्या कामाची आहे. महागडी साधनं फारशी लागत नाहीत, चिकाटी लागते.

आधी मासा ठरवा

सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो आणि मोठा व्हायला समुद्रात जातो, पण ‘सॅमनचं पिल्लू’ असं एकच काही नसतं. पिंक आणि चम जातीची पिल्लं खडीतून वर आली की थोड्याच काळात समुद्राची वाट धरतात. त्यांच्यासाठी ओढ्यातल्या उन्हाळी अन्नाची चिंता करण्यात अर्थ नाही. सॉकाय बहुधा तळ्यात वाढतो. कोहो साधारण एक वर्ष ओढ्यात काढतो, थंड मुलखात दोनही. त्याला संथ डोह आणि आडोसा लागतो. अटलांटिक सॅमन स्कॉटलंड-नॉर्वेच्या नद्यांत एक ते चार वर्षं, कडाक्याच्या थंडीच्या ठिकाणी त्याहूनही जास्त काळ राहतो. त्याच्या पिल्लाच्या छातीचे पर मोठे असतात. ते पसरून ते तळाच्या गोट्यांना टेकून बसतं, म्हणून खळाळत्या उथळ पाण्यातही त्याचं भागतं. कोहोला तिथे उभं केलंत तर बिचारा पोहण्यातच झिजेल.

वयही बघावं लागतं. खडीतून नुकतं वर आलेलं पिल्लू म्हणजे फ्राय. त्याला काठालगतचं अगदी मंद पाणी हवं असतं, सेकंदाला १०-१५ सेंटिमीटरच्या आतलं. अंगावर उभे पट्टे उमटले की त्याला ‘पार’ म्हणतात, आणि ते जरा खोल, जरा वेगवान पाण्यात सरकतं. समुद्रात जायच्या तयारीने चंदेरी झालं की स्मोल्ट. एकाच ओढ्यात या तिघांची गरज वेगळी असते आणि ज्याची जागा सगळ्यात कमी, तिथे गाडी अडते.

पाण्यात पाय घालण्यापूर्वी दोन गोष्टी. शरद ऋतूपासून वसंतापर्यंत तळाला धुतल्यासारखे उजळ दिसणारे खडीचे पट्टे ही अंड्यांची घरटी असू शकतात, त्यांवरून चालू नका. आणि बूट व जाळी एका नदीतून दुसरीत नेताना धुऊन, पूर्ण वाळवून न्या. ‘जायरोडॅक्टिलस सॅलॅरिस’ हा डोळ्यांना जेमतेम दिसणारा परजीवी सत्तरच्या दशकात आयात केलेल्या पिल्लांबरोबर नॉर्वेत शिरला आणि सुमारे पन्नास नद्यांमध्ये पसरला. तिथले मच्छीमार आजही गळ-जाळी निर्जंतुक केल्याशिवाय नदी बदलत नाहीत.

ओढ्याचा नकाशा: डोह, खळाळ आणि मधली शिवण

ओढ्याच्या रुंदीच्या किमान वीसपट लांबीचा तुकडा निवडा. रुंदी ५ मीटर असेल तर १०० मीटर. खालून वर चालत जा आणि कागदावर डोह, खळाळ, सपाट पाट, ओंडके, झुकलेले काठ, बाजूचे फाटे उतरवा.

डोहाची खोली मोजताना एक चूक सर्रास होते. नुसती कमाल खोली घेतली तर आज पाणी जास्त म्हणून डोह खोल आणि पुढच्या महिन्यात उथळ, असा घोळ होतो. त्याऐवजी कमाल खोलीतून डोहाच्या खालच्या उंबऱ्यावरची खोली वजा करा. ९० सेंटिमीटर वजा २० म्हणजे ७०. ओढ्याचा प्रवाह थांबला तरी डोहात एवढं पाणी उरेल, आणि उत्तरेकडच्या कोरड्या, उन्हाळी ऑगस्टमध्ये पिल्लाला तेवढ्यावरच दिवस काढायचे असतात.

वेगासाठी संत्र्याची साल पुरते. १० मीटर अंतर तिने २५ सेकंदांत कापलं तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ४० सेंटिमीटर. त्याला ०.८५ ने गुणा, म्हणजे सरासरी ३४. पण सरासरी ही माशाच्या फारशा कामाची नाही. त्याला लागते ती शिवण, म्हणजे मंद पाणी आणि जोराची धार जिथे एकमेकांना चिकटून असतात ती रेघ. मंद बाजूला उभं राहायचं आणि धारेतून येणारं अन्न टिपायचं. पोहण्याचा खर्च वेगाबरोबर सरळ चढत नाही, वेग दुप्पट झाला तर खर्च दुपटीहून कितीतरी जास्त होतो. म्हणून शंभर मीटरमध्ये अशा शिवणी किती, हे मी डोहांच्या संख्येइतकंच महत्त्वाचं मानतो. मोठा गोटा, ओंडका, झाडाचं मूळ, काठाची वळणं यांमुळेच त्या तयार होतात. सरळ करून टाकलेल्या ओढ्यात त्या नसतात.

मग काठावर पालथं पडा. पोलराइज्ड चष्मा घाला, दहा मिनिटं हलू नका. पिल्लं पुन्हा बाहेर आली की एकावर नजर ठेवून पाच मिनिटांत ते किती झेपा घेतं ते मोजा. दुसऱ्या पिल्लाशी भांडण, पाठलाग किती वेळा झाला तेही टिपा. पुढे गाळाच्या हिशेबात ही नोंद कामी येते.

तापमान: नुसतं ‘थंड म्हणजे चांगलं’ नव्हे

दर तासाला नोंद करणारा लॉगर सावलीत, वाहत्या पाण्यात, भोकं पाडलेल्या पाइपमध्ये घालून बांधा. आधी बर्फ-पाण्यात बुडवून तो शून्य दाखवतो का ते पाहा. जागा अशी निवडा की उन्हाळ्यातही तो बुडालेला राहील. माझा एक लॉगर ऑगस्टमध्ये पाणी उतरल्यावर उघडा पडला आणि तीन आठवडे मी हवेचं तापमान इमानेइतबारे गोळा करत होतो. आलेखात दिवस-रात्रीचा फरक एकाएकी तिप्पट झाला तेव्हा कुठे उजेड पडला.

एखाद्या दिवसाच्या उच्चांकावरून निष्कर्ष काढू नका. रोजचं कमाल तापमान घ्या आणि त्याची सलग सात दिवसांची सरासरी काढा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने वायव्येकडच्या राज्यांसाठी २००३ साली दिलेल्या मार्गदर्शनात हेच माप वापरलंय. पिल्लांच्या वाढीच्या मुख्य जागांसाठी १६ अंश सेल्सिअस, इतर वाढीच्या आणि स्थलांतराच्या पट्ट्यांसाठी १८, आणि अंडी घालण्या-उबवण्याच्या काळासाठी १३.

आता खरी गंमत. कॅनडात सॉकायच्या पिल्लांवर झालेल्या आणि १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं, की पोटभर खाणं मिळालं तर वाढ १५ अंशांच्या आसपास सर्वांत चांगली होते. खाणं कमी केलं तसं हे ‘सर्वोत्तम तापमान’ खाली घसरत गेलं. रोज शरीराच्या वजनाच्या दीड टक्का एवढंच अन्न दिलं तेव्हा ते ५ अंशांवर आलं. कारण उघड आहे. गरम पाण्यात शरीराचं भाडं वाढतं. कमाई भरपूर असेल तर महाग घर परवडतं, नसेल तर स्वस्तातल्या घरात राहिलेलं बरं. त्यामुळे तापमानाची नोंद अन्नाच्या नोंदीशिवाय वाचूच नये. भरपूर कीटक असलेल्या ओढ्यात १७ अंशांना गुटगुटीत होणारी पिल्लं उपाशी ओढ्यात त्याच तापमानाला हडकतील.

म्हणून लॉगर एक नको, तीन-चार लावा. मुख्य धार, झऱ्याचं थंड पाणी मिसळतं तो कोपरा, बाजूचा फाटा. तापमानातली ही विविधता पिल्लं स्वतः वापरून घेतात. अलास्कातल्या एका ओढ्यात कोहोची पिल्लं रात्री थंड पाण्यात सॉकायची अंडी खातात आणि मग ३५० ते १,३०० मीटर वर पोहत जाऊन उबदार पाण्यात ती पचवतात, असं संशोधकांना आढळलं. ये-जा करणारी पिल्लं एका जागी राहणाऱ्यांपेक्षा जास्त वेगाने वाढत होती. जेवण एका घरी, वामकुक्षी दुसऱ्या घरी! मधे रस्त्याखाली उंचावर बसवलेली एखादी मोरी आली असती तर हा बेत तिथेच फसला असता. तेव्हा नकाशात मोऱ्या आणि बंधारे विसरू नका.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण ओरेगॉनच्या अल्सी खोऱ्यातलं. नीडल ब्रांच या छोट्या ओढ्याच्या काठापर्यंत १९६६ साली सगळी झाडं तोडली गेली. पुढच्या उन्हाळ्यात पाणी ३० अंशांच्या घरात गेलं. शेजारचा फ्लिन क्रीक न तोडता तुलनेसाठी राखला होता, म्हणून फरक निर्विवाद दिसला. तापलेल्या पाण्यात प्राणवायूही कमी मावतो. समुद्रसपाटीला १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम, २० अंशांना ९.१. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा आटतो.

गाळ: पिल्लाच्या ताटातली माती

खळाळात वाकडंतिकडं चालत, दर पावलाला न बघता बोटाला लागेल तो दगड उचला. शंभर दगडांचा मधला व्यास (सर्वांत लांब नव्हे, सर्वांत आखूडही नव्हे) मोजा आणि क्रमाने लावून पन्नासावा पाहा. त्याच वेळी प्रत्येक दगड किती रुतलेला होता हेही लिहा: पाव, अर्धा, पाऊण. दगड उचलताना ‘पच्’ असा आवाज आला आणि खालून गढूळ ढग उठला, तर बारीक गाळाने फटी बुजल्या आहेत.

अंड्यांवर गाळाचा परिणाम बहुतेकांना ठाऊक असतो: खडीतून पाणी झिरपत नाही, अंडी गुदमरतात. पिल्लांच्या वाढीवरचा परिणाम मात्र दुर्लक्षित राहतो. उत्तर कॅलिफोर्नियातल्या साउथ फोर्क ईल नदीत, सॅमनचाच भाऊबंद असलेल्या स्टीलहेडच्या पिल्लांवर प्रयोग झाला, २००४ साली प्रसिद्ध झालेला. बारीक गाळ जसा वाढवत नेला तशी वाढ सरळ रेषेत घटत गेली. ‘इतका गाळ चालतो’ अशी सुरक्षित पायरी सापडलीच नाही. कारण दुहेरी होतं. दगडांवर राहणारे, प्रवाहात सापडणारे कीटक कमी होऊन गाळात बिळं करणारे वाढले. म्हणजे अन्न होतं, पण हाती लागेना. शिवाय दडायला फटी न उरल्याने पिल्लं जास्त हालचाल करू लागली, एकमेकांवर धावून जाऊ लागली. जमा घटली आणि खर्च चढला. काठावर पालथं पडून केलेली भांडणांची नोंद इथेच जुळवून बघायची.

अन्न: पाण्यातलं, झाडावरचं, आणि मेलेल्या माशांचं

अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रांची जाळी खळाळात धरा आणि वरच्या बाजूचे दगड पायाने तीस सेकंद ढवळा. पांढऱ्या ताटलीत काढून मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय यांच्या अळ्या वेगळ्या मोजा. या तिघींची चंगळ असेल तर ओढा बहुधा स्वच्छ आणि पिल्लांचं ताट भरलेलं. पण तळाशी काय आहे यापेक्षा प्रवाहातून काय वाहत येतंय हे पिल्लाला महत्त्वाचं. तेव्हा तीच जाळी न ढवळता, सूर्यास्तानंतर तासभर धारेत बांधून ठेवा. तळाचे कीटक अंधार पडताच जास्त वाहतात.

काठाच्या झाडांवरून पडणारे मुंग्या, सुरवंट, भुंगे यांना कमी लेखू नका. जपानच्या होक्काइदो बेटावरच्या एका जंगली ओढ्यात वर्षभर मोजणी झाली. तिथल्या माशांना मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ४४ टक्के अशा जमिनीवरच्या किड्यांमधून आली होती. झाडं फक्त सावलीसाठी नसतात. अर्थात दाट सावलीने शेवाळ आणि त्यावर जगणारे कीटक कमी होतात, म्हणून गार पाण्याच्या ओढ्यावर थोडी उघडीक असलेली बरी. माझं मत: पाणी आधीच १६ अंशांच्या वर जात असेल तर हा वाद घालू नये, सावली जपावी.

मग येतात ते अंडी घालून मेलेले मोठे मासे. पॅसिफिक सॅमन समुद्रात वाढून ओढ्यात येतो, मरतो आणि समुद्राचं सारं खत तिथेच सोडतो. पिल्लं त्याची अंडी आणि कुजलेलं मांस सरळ खातात. वॉशिंग्टन राज्यातल्या ओढ्यांत मेलेले सॅमन टाकून पाहिले तेव्हा हे दिसलं. काठावर मेलेले मासे दिसले की ‘घाण’ म्हणून उचलायला निघालेले उत्साही लोक मी पाहिलेत. ते तसेच राहू द्या.

पुराचं मैदान हे याच प्रकरणात घालायला हवं. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो नदीचं पाणी पुरात योलो बायपासच्या सखल जमिनीवर पसरतं. तिथे गेलेली चिनूक या आणखी एका सॅमन जातीची पिल्लं मुख्य नदीतल्यांपेक्षा झपाट्याने वाढतात, हे २००१ साली मांडलं गेलं. उथळ, उबदार, संथ पाण्यात बारीक पाणजीवांची इतकी रेलचेल असते की पोहायचा खर्च जवळजवळ नाही आणि ताट सतत भरलेलं. पुढे २०१२ पासून हिवाळ्यात पाण्याखाली ठेवलेल्या भातखाचरांत पिल्लं सोडून हाच प्रयोग ‘निगिरी’ नावाने झाला. सुशीच्या भातावर मासा, तसा भातखाचरात मासा, असा त्या नावातला विनोद. तुमच्या ओढ्याला पुरात पाणी पसरायला जागा आहे का, की दोन्ही बाजूंना बांध आहेत, एवढं तरी नोंदवा.

हिवाळ्यात पुन्हा जा

बहुतेक पाहण्या उन्हाळ्यात होतात, कारण माणसांना तेव्हा बरं वाटतं. पाणी ८-१० अंशांच्या खाली गेलं की पिल्लं दिवसा गोट्यांखाली शिरतात आणि रात्री बाहेर येतात. फट नसेल तर उघड्यावर साठवलेली चरबी जाळत बसतात. नॉर्वेत या फटी मोजायची सोपी पद्धत आहे. १३ मिलिमीटर जाडीची लवचीक प्लास्टिक नळी घ्या, तळावर ५० × ५० सेंटिमीटरची चौकट ठेवा आणि नळी जिथे शिरेल ती प्रत्येक फट मोजा. २ ते ५ सेंटिमीटर खोल फटीला एक गुण, ५ ते १० ला दोन, त्याहून खोल असेल तर तीन. बेरीज ५ च्या खाली आली तर आसरा अपुरा, १० च्या वर गेली तर चांगला. हात बधिर होतात, पण उन्हाळ्यातली पिल्लं पुढच्या वसंतात कुठे गेली याचं उत्तर अनेकदा याच चौकटीत असतं. कोहो मात्र पुराच्या धारेतून निसटून बाजूच्या फाट्यांत, बीव्हरच्या तळ्यांत आसरा घेतो. त्याच्यासाठी नळी नको, ते फाटे उघडे आहेत का ते पाहा.

आता माशालाच विचारा

पिल्लं पकडायला परवाना लागतो, आणि विजेच्या साधनाने पकडायचं तर प्रशिक्षित माणूसही. तो नसेल तर स्थानिक मत्स्य खात्याच्या पाहणीत हात लावायला जा. पाणी १८ अंशांच्या वर असेल तर पकडणं पुढे ढकला. हात ओले ठेवा.

तोंडापासून शेपटीच्या खाचेपर्यंत लांबी आणि वजन घ्या. बाळसं मोजायचं सूत्र साधं आहे: १०० गुणिले वजन ग्रॅममध्ये, भागिले लांबी सेंटिमीटरमध्ये तिचा घन. ८ सेंटिमीटरचं, ५.६ ग्रॅमचं पिल्लू १.०९ वर येतं, म्हणजे ठीक. त्याच लांबीचं ४.४ ग्रॅमचं ०.८६ वर, ते हडकुळं. वाढीचा वेग काढायला दोन वेळच्या वजनांचे नैसर्गिक लॉगरिदम वजा करा, मधल्या दिवसांनी भागा, शंभरने गुणा. ६० दिवसांत २ ग्रॅमचं ४ ग्रॅम झालं तर दिवसाला सुमारे १.१६ टक्के.

इथे एक मोठा खड्डा आहे. जूनची सरासरी लांबी ५ सेंटिमीटर आणि सप्टेंबरची ७, म्हणून पिल्लं २ सेंटिमीटर वाढली असं म्हणता येत नाही. मधल्या काळात लहान पिल्लं मेली असतील तर कुणीही न वाढता सरासरी वाढते. मोठी निघून गेली असतील तर सगळी वाढूनही ती घटते. खात्रीचा उपाय म्हणजे ६५ मिलिमीटरहून मोठ्या पिल्लांच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढा पिट टॅग (प्रत्येक पिल्लाला वेगळा क्रमांक देणारी चिप) घालून तेच पिल्लू पुन्हा मोजणं. ते जमत नसेल तर खवले पाहा: त्यांवरची वाढीची कडी उन्हाळ्यात दूर-दूर, हिवाळ्यात दाट.

मोठी पिल्लं दिसली म्हणून हुरळू नका

लांबीशेजारी नेहमी संख्या लिहा. दहाच पिल्लं उरलेल्या ओढ्यात प्रत्येकाच्या ताटात भरपूर वाढलेलं असतं. ती गुबगुबीत असणारच.

आणि व्हँकूवर बेटावरच्या कार्नेशन क्रीकची गोष्ट लक्षात ठेवा. १९७० पासून तिथे नोंदी सुरू झाल्या, १९७६ ते १९८१ मध्ये जंगलतोड झाली. पाणी कोमट झालं, कोहोची पिल्लं खडीतून लवकर बाहेर आली, शरदापर्यंत जास्त वाढली आणि दोनऐवजी एकाच वर्षात समुद्राकडे जाणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. ओढ्याच्या वहीत हे यश दिसतं. पण वसंतात ती लवकर निघाली आणि समुद्रात टिकाव कमी लागला, त्यामुळे परतणाऱ्या मोठ्या माशांत तो फायदा बराचसा विरून गेला. म्हणून स्मोल्ट किती मोठा याच्या बरोबरीने तो कोणत्या आठवड्यात निघाला हेही नोंदवायचं.

दुरुस्ती कुठे करायची

वहीत जो रकाना सगळ्यात तोकडा, तिथूनच सुरुवात. गाळ असेल तर तो येतो कुठून ते शोधा: जंगलातला कच्चा रस्ता, जनावरांनी तुडवलेला काठ. वर गाळ चालू असताना खाली नवी खडी टाकणं म्हणजे पाण्यात ओतलेले पैसे. तापमान असेल तर कुंपण घालून झाडं लावा, पण सावली पडायला वर्षं लागतात हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा. शिवणी आणि डोह कमी असतील तर ओंडके. अमेरिकेच्या वायव्येत काही दशकं माशांना वाट मोकळी व्हावी म्हणून ओढ्यांतले ओंडके काढून टाकले गेले, आता तेच हेलिकॉप्टरने परत आणून टाकतात. ओरेगॉनचा आडाखा असा: ओंडका भरल्या ओढ्याच्या रुंदीच्या दुप्पट लांब हवा, मुळांसकट असेल तर दीडपट चालतो. त्याहून आखूड असेल तर पहिल्या पुरात जातो.

ओरेगॉनच्याच ब्रिज क्रीकमध्ये खुंट ठोकून, फांद्या विणून बीव्हरच्या बांधांची नक्कल केली. मग बीव्हरने त्यावर आपलं काम चढवलं. स्टीलहेडच्या पिल्लांची घनता, जगण्याचं प्रमाण आणि उत्पादन वाढलं, स्थलांतरालाही अडथळा झाला नाही. तिथे हे इतक्या ठामपणे म्हणता आलं कारण दुसऱ्या, न बदललेल्या ओढ्यातही तीच मोजणी चालू होती. तुम्हीही वरच्या अंगाला, हात न लावलेला तेवढ्याच लांबीचा एक तुकडा ठेवा आणि दोन्हीकडे काम सुरू होण्याआधीची किमान दोन वर्षं मोजा. नाहीतर नव्या ओंडक्याखाली दिसणारी गर्दी ही वाढलेल्या पिल्लांची की शेजारून आलेल्या पाहुण्यांची, हे टॅग नसेल तर कुणालाच सांगता येणार नाही.